पोरगा इंग्रजीत पास, डबा वाचण्यात नापास



मेळाव्याच्या पत्रकात भावाविषयी, कर्जाविषयी, विजेविषयी लिहायचे, हा आपला रिवाज. या वेळी आम्ही इंग्रजीविषयी लिहीत आहोत. भंडाऱ्याच्या मेळाव्यात हा शाळेचा तास कशाला, असे कोणी म्हणेल. भंडारा धानाचा जिल्हा खरा. पण पवनीहून भिवापूर-उमरेडकडे वळले की पऱ्हाटी लागते, आणि या मेळाव्याला नागपूर, वर्धा, यवतमाळकडचे कापूस-ज्वारीवालेही मांडीला मांडी लावून बसतात. धानवाला असो की पऱ्हाटीवाला, औषधाचा डबा दोघांच्याही घरात येतो. त्या डब्यापासूनच सुरुवात करू.

मागच्या खरिपातली गोष्ट. जिल्ह्याच्या हद्दीवरच्या एका गावात आमचा एक जुना कार्यकर्ता आहे. सहा एकर कोरडवाहू, पोरगा बारावी पास, इंग्रजीत साठाच्या वर मार्क. बोंडअळीसाठी औषध आणले. बापाने डब्याबरोबरची घडीची चिठ्ठी पोराच्या हातात दिली. पोराने ती उभ्या उभ्या खडाखडा वाचून दाखवली. ‘पर हेक्टर’ हे दोन शब्दही वाचले. वाचले आणि पुढे गेला. हेक्टरचे माप एकराच्या पंपात गेले. म्हणजे अडीच पट औषध. फवारणाऱ्या गड्याला संध्याकाळी चक्कर आली, उलट्या झाल्या, ग्रामीण रुग्णालयात दोन रात्री काढाव्या लागल्या. जीव वाचला, हे नशीब.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा बाप म्हणाला, “साहेब, पोट्टं इंग्रजीत पास हाय ना? चिठ्ठी तं पुरी वाचली त्यानं. मंग चुकलं कुठी?”

चुकले कुठे, याचे उत्तर या लेखात द्यायचे आहे. पोराचे चुकले नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्याला जे शिकवले ते त्याने केले. शाळेने त्याला इंग्रजी उच्चारायला शिकवले, वाचायला शिकवले नाही.

उच्चारणे म्हणजे वाचणे नव्हे

‘असर’ या पाहणीने २०२३ मध्ये देशातल्या २८ जिल्ह्यांतल्या ग्रामीण भागात १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसमोर इंग्रजीची साधी, छोटी वाक्ये ठेवली. ५७.३ टक्के मुलांना ती वाचता आली. ज्यांना वाचता आली त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांनाच अर्थ सांगता आला. हिशेब करा: शंभर पोरांत अर्थासकट वाचणारे बेचाळीसच्या आसपास. आणि ही वाक्ये साधी होती. औषधाच्या चिठ्ठीतली किंवा विम्याच्या अटीतली नव्हती.

महाराष्ट्रात २००० साली मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. मोठा गाजावाजा झाला. त्या वर्षी पहिलीत बसलेली पोरे आज तिशीच्या पुढे आहेत, नांगर धरून आहेत. त्यांच्यापैकी किती जणांना कृषी केंद्रातून आणलेली चिठ्ठी समजते, हे आपापल्या गावात विचारून पाहा. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या प्रश्नावर पुन्हा रान पेटले. एप्रिल आणि जूनमधले शासन निर्णय २९ जूनला मागे घ्यावे लागले. कोणती भाषा कोणत्या इयत्तेपासून, यावर दोन महिने टीव्हीवर भांडण चालले. शिकवलेली भाषा पोरांना वाचता येते का, हे मात्र एकानेही विचारले नाही. पेरणीच्या तारखेवर भांडायचे आणि उगवले की नाही ते पाहायलाच जायचे नाही, असली ही शेती.

परीक्षेतली गंमत पाहा. उतारा देतात आणि खाली प्रश्न. समजा उताऱ्यात वाक्य आहे: ‘द टिमटिम ब्रोक द लोलो.’ प्रश्न येतो: ‘हू ब्रोक द लोलो?’ पोरगा उताऱ्यात ‘लोलो’ शोधतो आणि लिहितो: ‘द टिमटिम.’ मार्क पूर्ण. टिमटिम म्हणजे काय, लोलो म्हणजे काय, कोणी काय फोडले, देव जाणे. अशा मार्कांवर पोरगा पास होतो, बाप पेढे वाटतो, आणि जुलैत डबा उघडला की दोघेही आंधळे.

आम्ही स्वतः याच कारखान्यातून निघालेला माल आहोत. पाचवीत एबीसीडी, दहावीपर्यंत मराठी शाळा, आणि मग कृषीची पदवी एकदम इंग्रजीत. पहिल्या वर्षी ‘विल्ट’ हा शब्द आम्ही घोकून घोकून पाठ केला. विल्ट म्हणजे मर. तुरीवरची मर आम्ही लहानपणापासून बापाच्या वावरात पाहिलेली, वाळलेली झाडे हाताने उपटलेली. पण पुस्तकातली विल्ट आणि वावरातली मर एकच, हे कोणी सांगितले नाही. तिसऱ्या वर्षी प्रयोगशेतावर रोप उपटताना आमचे आम्हालाच उमजले, आणि त्या दिवसापासून पुस्तक वाचता यायला लागले. ‘स्ट्रायगा’ म्हणजे आपला टारफुला. ‘शूट फ्लाय’ म्हणजे ज्वारीची खोडमाशी. ‘थिनिंग’ म्हणजे विरळणी. एकेक ओळखीचा माणूस परक्या कपड्यात उभा होता; कपडे बाजूला केले तर आपलाच शेजारी.

अर्धवट सुटलेल्या विम्याचा हिशेब

शंभर वर्षांपूर्वी ढाक्यात मायकेल वेस्ट नावाचा एक इंग्रज शिक्षणाधिकारी होता. १९२६ साली त्याने बंगालमधल्या इंग्रजी शिक्षणावर एक अहवाल लिहिला. इंग्रज साहेब असून त्याने विचार केला तो खेड्यातल्या पोराचा. बहुतेक पोरे शाळा मध्येच सोडतात, हे त्याने पाहिले. मग तो म्हणाला, या पोरांना आधी वाचायला शिकवा. बोलण्याचे शिक्षण अर्ध्यावर सुटले तर हाती फारसे काही राहत नाही. वाचण्याचे अर्ध्यावर सुटले तरी जेवढे आले तेवढे कामाला येते. यासाठी त्याने विम्यातला शब्द वापरला: सरेंडर व्हॅल्यू. हप्ते मध्येच थांबले तर पॉलिसीचे जे पैसे पदरात पडतात, ती सरेंडर व्हॅल्यू.

आमच्या पोरांनी दहा-बारा वर्षे इंग्रजीचे हप्ते भरले. सरेंडर व्हॅल्यू काय आली? ‘माय नेम इज’ आणि ‘मे आय कम इन, सर’. आत यायची परवानगी मागता येते. आत ठेवलेला कागद वाचता येत नाही.

याच वेस्टने १९५३ साली इंग्रजीतल्या सर्वांत उपयोगी सुमारे २००० शब्दांची यादी छापली. साध्या इंग्रजी मजकुरात शंभरातले सुमारे ऐंशी शब्द अशा नेहमीच्या २००० शब्दांतलेच असतात. म्हणजे इंग्रजी हा काही अथांग समुद्र नाही. आठवड्याला दहा शब्द पक्के केले तर वर्षाला पाचशे. पाचवीला सुरू केले तर आठवी संपता संपता दोन हजार. शाळेच्या तासांत हे सहज बसते. तासांची कमतरता नाही. ते खर्च होतात गाईड उतरवण्यात.

उरलेले वीस शब्द त्या त्या धंद्याचे. शहरातला पोरगा तिथे अडतो. शेतकऱ्याचा पोरगा अडायला नको, कारण ती वस्तू त्याच्या दारात आहे.

शब्द आपल्या वावरातलेच आहेत

आपण रोज किती इंग्रजी बोलतो याची मोजदाद करा. पंप, डोस, स्प्रे, बिल, लोन, सोसायटी, हायब्रीड, ड्रिप, मोटर, युरिया. अंगठाबहाद्दर म्हातारासुद्धा सी.एस.एच. म्हणतो. १९६४ साली सी.एस.एच.-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली, तेव्हापासून ही तीन अक्षरे आपल्या तोंडात आहेत. सी म्हणजे कोऑर्डिनेटेड, एस म्हणजे सॉर्घम, एच म्हणजे हायब्रीड. सॉर्घम म्हणजे ज्वारी. साठ वर्षे आपण ही अक्षरे पेरतो आणि कापतो, पण त्यांचा अर्थ कोणी सांगितला नाही. हे शब्द कानाने आलेले आहेत. डोळ्याने ओळखायचे तेवढे बाकी आहे. निम्मे काम झालेले आहे.

‘बॉलवर्म’ घ्या. बी, ओ, डबल एल: बॉल म्हणजे बोंड. वर्म म्हणजे अळी. खेळायचा बॉल बी, ए, डबल एल. एका अक्षराचा फरक. दोन तुकडे कळले की शब्द जन्मभर विसरत नाही, आणि ‘वर्म’ दुसरीकडे भेटला तरी ओळख पटते.

आता ‘स्क्वेअर’ घ्या. शाळेचा शब्दकोश सांगतो: चौकोन. मग कपाशीच्या चिठ्ठीत ‘स्क्वेअर’च्या वेळी फवारा असे असले, तर पोरगा चौकोन शोधत बसणार. कपाशीत स्क्वेअर म्हणजे पाती. हे शब्दकोशाला माहीत नाही, बापाला माहीत आहे. बापाला अक्षर येत नाही, पोराला पीक येत नाही. दोघे एका चिठ्ठीवर बसले तर अर्थ निघतो. म्हणून आम्ही म्हणतो, इंग्रजी वाचनाचा चांगला वर्ग वावराच्या धुऱ्यावर भरतो.

पुढचा शब्द कडू आहे. इन्सेक्टिसाइड, फंगिसाइड, हर्बिसाइड. तिन्हींचे शेपूट एकच: ‘साइड’. हा लॅटिनमधला तुकडा, अर्थ मारणे. इन्सेक्ट म्हणजे कीड, फंगस म्हणजे बुरशी, हर्ब म्हणजे झाडोरा. शेपूट सारखे म्हणून तिन्ही डबे सारखे नव्हेत. ज्वारीत किंवा धानात तण मारायला टू-फोर-डी वापरले आणि तोच पंप नीट न धुता पऱ्हाटीत नेला, तर पाने आकसतात, पंजासारखी चिरतात, पाती-फुले गळतात. कपाशी या औषधाला फार हळवी. ‘हर्बिसाइड’ हा एक शब्द डोळ्याने ओळखता आला तर पंप वेगळा ठेवण्याची आठवण राहते. आणि हेच शेपूट आणखी एका शब्दाला आहे: सुइसाइड. विदर्भाविषयी इंग्रजी वर्तमानपत्रांनी सर्वांत जास्त छापलेला शब्द बहुधा हाच. आपल्याविषयी लिहिलेलेसुद्धा आपल्याला वाचता येऊ नये, यापरती लाजिरवाणी गोष्ट कोणती?

लहान शब्द जीव घेतात

चिठ्ठीत औषधाचा तक्ता असतो. पहिल्या रकान्यात पीक, दुसऱ्यात कीड. मग हेक्टरी मात्रा, आणि तीही दोन रकान्यांत: ‘ए.आय.’ म्हणजे डब्यातला मूळ विषारी घटक, आणि ‘फॉर्म्युलेशन’ म्हणजे डब्यातले तयार औषध. आपल्याला मोजायचे असते ते दुसरे. पुढे ‘डायल्युशन’ म्हणजे पाणी किती लिटर. शेवटी ‘वेटिंग पीरियड’ म्हणजे शेवटच्या फवाऱ्यानंतर काढणीला किती दिवस थांबायचे. हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. चिठ्ठीत हेक्टरी ५०० मिलिलिटर असेल, तर एकराला २००. हे सहा-सात शब्द आणि एक भागाकार आला असता, तर त्या गड्याच्या दोन रात्री रुग्णालयात गेल्या नसत्या.

याहून धोक्याचे शब्द याहून लहान. नॉट, ओन्ली, बिफोर, आफ्टर, अनटिल, अनलेस, पर. ‘मिक्स’ आणि ‘डू नॉट मिक्स’ यांत फरक एवढुशा शब्दाचा. शाळेत हे शब्द व्याकरणाच्या धड्यात येतात आणि व्याकरणाच्या धड्यातच मरतात. विम्याच्या कागदात ‘अनलेस’ आला की समजावे, भरपाई नाकारण्याची वाट तिथे ठेवली आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. वाचता येत नव्हते म्हणूनच ते मेले, असे आम्ही म्हणत नाही. डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी, नवे जोराचे पंप, औषधांची मिसळ, अंगावर संरक्षण नाही, वेळेवर उपचार नाहीत, अशी अनेक कारणे होती. पण नंतर सरकारी तोंडे काय बोलली? शेतकऱ्यांनी सूचना पाळल्या नाहीत. सूचना कोणाला कळतील अशा लिहिल्या होत्या, हे कोणी बोलले नाही.

मराठीचा हक्क सोडायचा नाही

इथे आमचेच काही मित्र रागावतात. म्हणतात, आम्ही मराठी माणसे, सरकारने मराठीत द्यावे, आम्ही इंग्रजी का शिकावे? मागणी शंभर टक्के बरोबर आहे. १९७१ चे कीटकनाशक नियम सांगतात की चिठ्ठी हिंदीत, इंग्रजीत आणि प्रादेशिक भाषेत असली पाहिजे. कायद्यात मराठी आहे. कागदावरही असते; पण मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, आणि शब्द असे की इंग्रजी परवडले. ‘स्पर्शजन्य’, ‘अंतःप्रवाही’ हे कोणत्या गावातले मराठी? वाचता येईल एवढे अक्षर आणि कळेल असे मराठी, हा आपला हक्क आहे आणि तो भांडून घ्यायचा आहे. पण शासन निर्णय निघेपर्यंत बोंडअळी थांबत नाही. विहिरीसाठी अर्ज करायचा आणि तोवर घागर घेऊन नदीवरही जायचे. दोन्ही करावे लागते.

महात्मा फुल्यांनी हेच केले. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले ते इंग्रजीत: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गावर खर्च होतो. पुढच्याच वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला तो मराठीत. सरकारला कळेल त्या भाषेत सरकारला, आणि शेतकऱ्याला कळेल त्या भाषेत शेतकऱ्याला.

दुसरे म्हणतात, आता मोबाईल भाषांतर करतो. करतो, आणि वापरावाही. पण तो ‘स्क्वेअर’चा चौकोन करू शकतो. यंत्राची चूक ज्याला पकडता येते, त्याच्याच हातात यंत्र शोभते.

तिसरे लोक बोलत नाहीत, सरळ पोराला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालतात. कापूस विकून फी भरतात. त्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या भीतीवर दुकाने चालवणाऱ्यांना देतो. टाय आणि बूट म्हणजे इंग्रजी नव्हे. ज्या पोराला मराठीत वाचून विचार करता येत नाही, तो इंग्रजीतही पोपटच होतो. मराठी पक्की करा आणि तिच्या खांद्यावर इंग्रजी बसवा.

करायचे काय

एक. गावात आठवड्यातून एक संध्याकाळ, पारावर किंवा शाळेच्या ओसरीवर, चिठ्ठीवाचन. चार चिठ्ठ्या, दहा शब्द. एक शिकलेला आणि एक जाणता शेतकरी जोडीने बसतील. बायाबापड्यांना पुढे बसवा; निंदण त्यांच्या हातात असते आणि औषधाचा वास त्यांच्याही नाकात जातो.

दोन. प्रत्येक पोराची एक शब्दवही. एका बाजूला इंग्रजी शब्द, समोर आपला बोलीतला शब्द, आणि खाली तो शब्द भेटला ते पूर्ण वाक्य. सुटा शब्द पाठ केला की उडून जातो. आठवड्याने तोच शब्द पुन्हा, महिन्याने पुन्हा. बाजारात दहा वेळा दिसलेला माणूसच ओळखीचा होतो.

तीन. पोरांना गोष्टीची सोपी इंग्रजी पुस्तके, ढीगभर. १९८० मध्ये फिजी बेटांवर एक प्रयोग झाला. आपल्याकडून ऊस तोडायला नेलेल्या गिरमिटियांची नातवंडे जिथे राहतात तो हा देश. ग्रामीण शाळांतल्या चौथी-पाचवीच्या वर्गांना गोष्टीची अडीचशे पुस्तके दिली, आणि रोज थोडा वेळ नुसते वाचायला. आठ महिन्यांनी पाहिले तर त्या पोरांची वाचनातली प्रगती नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट. संगणक नव्हता, कोचिंग नव्हते; पुस्तके होती. नॅशनल बुक ट्रस्टची, प्रथम बुक्सची अशी स्वस्त पुस्तके आपल्याकडेही मिळतात.

चार. मेळाव्यात हे ठराव मांडू. चिठ्ठीतले मराठी ठळक, मोठ्या अक्षरात आणि बोलीच्या जवळचे असावे. एकराचे माप हेक्टराच्या शेजारी छापावे. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत इंग्रजी गोष्टींची पेटी असावी आणि रोजचा अर्धा तास वाचनाचा. इंग्रजीच्या परीक्षेत एक तरी कागद खराखुरा असावा: औषधाची चिठ्ठी, बियाण्याची थैली, विम्याची अट. टिमटिम आणि लोलो पुरे झाले.

ठराव झाले म्हणून काम झाले, असे समजू नका. त्या बापाने आम्हाला निघताना विचारले, “साहेब, या वयात मले येईल का?” आम्ही त्याला ‘हेक्टर’ हा शब्द मातीत काडीने लिहून दाखवला. त्याने तीनदा गिरवला. चौथ्यांदा डब्यावर बोट ठेवून तो शब्द आपणहून शोधला. एक शब्द झाला.

मेळाव्याला येताना घरातल्या औषधाची चिठ्ठी खिशात घालून आणा. डबा आणू नका, चिठ्ठी आणा. भाषणे संपल्यावर मंडपाच्या मागे बसू आणि पहिली ओळ वाचू.